सहा बटणांचा रिमोट

"कमीत कमी बटणं असलेला दाखवा," मी म्हणालो.

"कमीत कमी?" दुकानदार हसला. "अहो साहेब, लोक येतात ते जास्तीत जास्त मागतात."

"मला कमीच हवीत. आणि एकच रिमोट हवा. टीव्ही, इंटरनेटचा डबा, साउंडबार, सगळं त्या एकावर चाललं पाहिजे."

"कोणासाठी?"

"वडिलांसाठी. त्यांना तीन-तीन रिमोट झेपत नाहीत."

कराडच्या दत्त चौकाजवळचं ते जुनं दुकान सकाळचं नुकतंच उघडलं होतं. दुकानदार स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं काढून खाली उतरला. आत करड्या रंगाचा तळहाताएवढा रिमोट होता. त्याला रबराची सहा मोठाली बटणं.

"याला शिकवावं लागतं," तो म्हणाला. "जुना रिमोट याच्या नाकासमोर धरायचा, त्याचं बटण दाबायचं, की हा ते पाठ करतो. एका बटणात तीन-तीन कामं बसतात. एकदा शिकवला की आमची म्हैससुद्धा टीव्ही लावेल."

मी हसलो. त्याने पावतीपुस्तक ओढलं.

"नाव?"

"बोंद्रे."

त्याचं पेन थांबलं. "टेलिफोनमधले बोंद्रेसाहेब तुमचे कोण?"

"वडील."

"म्हणजे हा बोंद्रेसाहेबांसाठी?" त्याने रिमोटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, हे दुकान, वरचं घर आणि मागचं गोडाऊन, तिन्हींचा इंटरकॉम त्यांनी एका दुपारात जोडला. वायरसुद्धा आमची जुनीच वापरली. त्यांना रिमोट झेपत नाही?"

"वय झालं आता," मी म्हणालो.

इथपर्यंतची गोष्ट मी सात वर्षं लोकांना सांगत आलोय. म्हशीपाशी लोक हसतात. मग मी थेट शेवटाकडे उडी मारतो: रिमोट नेला, एका बटणावर टीव्ही लागला, अण्णा खूश. मधलं सगळं गाळतो.

आज गाळायचं नाही असं ठरवलंय. जिथे खोटं बोलेन तिथे थांबेन आणि दुरुस्त करेन. खोडणार मात्र नाही. दोन्ही राहू देत.

पहिली दुरुस्ती. 'वय झालं' हे खोटं होतं. अण्णा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते, आणि त्याच महिन्यात त्यांनी कॉलनीच्या पाण्याच्या मोटरचा स्टार्टर स्वतः खोलून बसवला होता.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. अण्णा कराडला दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटे राहत, मी पुण्याला. पुण्याला चला म्हटलं की म्हणत, "तिथं मला कोण ओळखतं?" त्यांचा वेळ जावा म्हणून मीच तो मोठा टीव्ही, डबा आणि साउंडबार नेऊन बसवला होता. तिघांचे तीन रिमोट.

खालच्या मजल्यावर शेटे सिस्टर राहायच्या. नगरपालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. कॉलनीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. अण्णाही. मी मावशी म्हणायचो.

रोज संध्याकाळी सातला अण्णा टीव्ही लावायला बसत. दोन-तीन मिनिटांत पडदा निळा पडे. मग ते गॅलरीत जाऊन कठड्यावरून खाली वाकत.

"सिस्टर! परत निळं झालं!"

"काय दाबलंत?" खालून आवाज.

"काही नाही दाबलं!"

"मग काय आपोआप झालं? आता हात लावू नका कशाला. आले."

त्या वर येत, अर्ध्या मिनिटात टीव्ही ठीक करत, आणि आल्याच आहेत म्हणून बसत. मग हिंदीत डब केलेली एक कोरियन मालिका चाले. बंदरावरच्या एका गावात खानावळ चालवणारी मुलगी, आणि तिच्यामागे लागलेले दोघे. त्यांची खरी नावं अण्णांच्या आणि सिस्टरांच्या लक्षात राहत नसत. सारखी कागदं घेऊन फिरणाऱ्याला ते तलाठी म्हणायचे, आणि दुसऱ्याला जावई, कारण त्याला काही कामधंदा नव्हता. रोज एकच भाग. सव्वाआठला सिस्टर खाली जात.

अण्णांचा सबंध दिवस त्या सव्वा तासाकडे तोंड करून उभा असायचा. चारला ते दाढी करायचे. सहाला दिवाणाची चादर झटकायचे. हे मला माहीत होतं. पुन्हा लिहितो: माहीत होतं.

मग मी रिमोट का शोधला?

अण्णांना रोज कोणाला तरी हाक मारावी लागू नये म्हणून. आपल्या घरात आपला टीव्ही आपल्याला लावता यावा म्हणून.

दुरुस्ती.

एका शनिवारी मी न कळवता कराडला गेलो. साडेसात वाजले असतील. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आईच्या वेताच्या खुर्चीत शेटे सिस्टर बसल्या होत्या, दोन्ही पाय टीपॉयवर घेऊन. शेजारी दिवाणावर अण्णा मोसंबं सोलत होते. नुसतं सोलत नव्हते. एकेका फोडीवरचे पांढरे दोरे काढत होते, बी काढत होते, आणि फोड बशीत ठेवत होते. बशी सिस्टरांच्या हाताशी होती.

"एक बी राहिली बघा," सिस्टर म्हणाल्या.

"कुठंय? दाखवा."

"गिळली."

"मग पोटात झाड येईल. वर या तेव्हा जपून या."

सिस्टर हसल्या. खुर्ची करकरली.

आमच्या आईने एकेचाळीस वर्षं संसार केला. तेवढ्या वर्षांत अण्णांनी प्यायचं पाणीसुद्धा हाताने घेतलं नाही. ती शेवटी दवाखान्यात होती तेव्हा तिला मोसंबं मी सोलून देत होतो. अण्णा बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचे.

मला पाहिल्यावर सिस्टरांनी पाय खाली घेतले.

"अरे हेमंत! ये, ये. तुझ्या वडिलांनी आज परत टीव्ही निळा केला बघ."

"डबाच खराब दिलाय यानं," अण्णा म्हणाले.

दोघं हसले. मीही हसलो.

थोड्या वेळाने गाडीतली पिशवी आणायला खाली गेलो तर जिन्यात कॉलनीचे सेक्रेटरी घोडके भेटले.

"काय हेमंतराव! अण्णांचं मजेत चाललंय की. रोजचा शो चुकत नाही."

एवढंच म्हणाले आणि वर निघून गेले. साधी थट्टाही असेल. मी ती घरात घेऊन गेलो, रात्रभर उशाशी ठेवली, आणि सकाळी दुकान उघडायच्या वेळेला दत्त चौकात उभा राहिलो.

अण्णांना सरळ सांगता आलं असतं की मला हे आवडत नाही. पण ते म्हणाले असते, "का?" आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. सिस्टरांना सांगायची तर छातीच नव्हती. रिमोट मात्र विकत मिळत होता.

रिमोटबरोबर मी एक कागदही तयार केला. जाड पेनाने लिहिलेला. तो माझ्याकडे अजून आहे.

लाल बटण एकदाच दाबा.
दहा सेकंद थांबा.
मालिका आपोआप सुरू होईल.
बंद करायला तेच बटण.
अडलं तर मला फोन करा.

शेवटची ओळ नीट पाहा. आधी मी 'अडलं तर फोन करा' एवढंच लिहिलं होतं. 'मला' नंतर वर घुसवलं. कागदावर त्याची खूण दिसते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी टीपॉयवर सगळे रिमोट मांडले. अण्णा दिवाणावर मांडी घालून बसले होते.

"काय आणलंस?"

"तुमचा प्रश्न सोडवतोय."

"माझा कुठला प्रश्न?"

"रोजचं निळं."

मी नवा रिमोट जुन्याच्या समोर धरला आणि बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा धरलं. पुन्हा तेच. तीन वेळा झालं. मी वैतागलो.

"डावीकडे सरकव," अण्णा म्हणाले. "त्याचा दिवा मधोमध नाहीये. कडेला आहे."

मी सरकवला. झालं.

पुढे लाल बटणात तिन्ही कामं बसवायची होती. मी आधी टीव्ही घातला, मग डबा, मग साउंडबार. करून पाहिलं, तर पडदा निळा.

"आधी डबा," अण्णा म्हणाले. "तो उठायला वेळ घेतो. मग टीव्ही. आणि मध्ये तीन सेकंदांची जागा सोड. नाहीतर टीव्हीला डबा दिसणारच..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं.

मी वर पाहिलं नाही. माझ्या हातात रिमोट होता आणि त्यांची पावलं मला दिसत होती. उजव्या पायाचा अंगठा चादरीवर घासत होता.

"कुठंतरी ऐकलं होतं," ते हळूच म्हणाले.

इथे मला थांबता आलं असतं. रिमोट परत खोक्यात घालून म्हणता आलं असतं की हा काही चालत नाही, बदलून आणतो. पुण्याला नेऊन विसरून जाता आलं असतं. पंधरा-वीस सेकंद असतील. बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

मी आधी डबा घातला. मग तीन सेकंद. मग टीव्ही.

पाच-दहा वेळा करून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

सात वाजायला आले तेव्हा अण्णा गॅलरीकडे निघाले. मी म्हणालो, "थांबा, मी बोलावतो त्यांना." आणि जिन्यातूनच हाक मारली. "मावशी, वर या जरा. गंमत दाखवतो."

सिस्टर पदराला हात पुसत वर आल्या. आईच्या खुर्चीत बसणार, तेवढ्यात मी अण्णांच्या हातात रिमोट दिला.

"हां अण्णा. आता तुम्ही दाखवा."

"तूच लाव," अण्णा म्हणाले.

"मी नाही. तुम्ही. एकदम सोपं आहे. लाल बटण."

सिस्टर एका हाताने खुर्ची धरून उभ्याच होत्या. अण्णांनी रिमोट हातात फिरवला. मग तो उलटा धरला. तोंड स्वतःच्या कुशीवरून मागे, शेपूट टीव्हीकडे. आणि बटण दाबलं.

अण्णांनी एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली होती. रिमोटचं तोंड कुठलं ते त्यांना मी सांगायला नको होतं.

पण त्यांच्या मागची भिंत पांढरीशुभ्र होती. दिवाळीत मीच रंगवून घेतली होती. किरण तिच्यावर आपटून परत आले असणार. डब्याचा दिवा लागला. तीन सेकंद गेले. टीव्ही उजळला. साउंडबार गुरगुरला, आणि पडद्यावर ती खानावळवाली मुलगी मासे साफ करायला लागली.

"बघा!" मी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. "उलटा धरला तरी लागतो!"

अण्णा हातातल्या रिमोटकडे पाहत होते.

"आता कोणाला हाका मारायला नको," मी म्हणालो. "मावशी, तुमचीही रोजची खेप वाचली."

"हो की," सिस्टर म्हणाल्या. "छान झालं. जिनाही हल्ली नको वाटतो."

"अहो बसा ना पण. मालिका लागलीय."

"बसते की."

त्या बसल्या. पाय खालीच होते. तलाठी कागदं घेऊन आला, त्यावर कोणी काही बोललं नाही. दहा-अकरा मिनिटांनी त्या उठल्या.

"कुकर लावलाय. विसरलेच."

"अडलं तर सांगू," मी म्हणालो.

"आता काय अडणार?" अण्णा म्हणाले. सिस्टरांकडे पाहून नाही. पडद्याकडे पाहून.

मग त्यांनी लाल बटण दाबून टीव्ही बंद केला. या वेळी रिमोट सरळ धरला होता.

पुण्याला परतताना जुने तिन्ही रिमोट मी बॅगेत घातले. उगाच घोळ नको म्हणून.

दुरुस्तीची गरज आहे का इथे? मला वाटत नाही.

पुढचे महिने मी दर रविवारी फोन करायचो.

"रिमोट चालतोय ना?"

"एकदम."

"काही अडत नाही ना?"

"एका बटणावर लागतो."

मालिकेचं खातं आमचं एकच होतं. माझ्या फोनवर दिसायचं कुठला भाग कुठे थांबलाय ते. एकतिसावा भाग, अकरा मिनिटं. खाली लाल रेघ, तेवढ्याच लांबीची. पुढच्या रविवारी तेवढीच. दसऱ्यालाही तेवढीच. एकदा विचारलं, "मालिका बघत नाही का हल्ली?"

"कंटाळवाणी झाली."

"मग दुसरं काहीतरी बघा."

"बघतो."

सिस्टरांचं मी विचारलं नाही. अण्णांनी सांगितलं नाही.

जानेवारीत मी नेहमीसारखं म्हणालो, "पुण्याला चला ना." सवयीने म्हणालो होतो. पलीकडून उत्तर आलं, "येतो. कधी येतोस न्यायला?"

लोकांना मी सांगतो की शेवटी माझ्या आग्रहाला यश आलं.

अण्णा माझ्याकडे तीन वर्षं राहिले, मग गेले. पुण्यात आल्यावर चौथ्याच दिवशी आमचा टीव्ही बंद पडला. बायको माझी वाट पाहत होती. मी घरी पोचलो तर अण्णा टीव्हीच्या मागून बाहेर येत होते. चष्मासुद्धा लावला नव्हता. "पिन सैल होती," म्हणाले आणि दोन्ही रिमोट जागेवर ठेवून खोलीत गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

आता राहिला तो निघायचा दिवस.

कराडचं घर बंद केलं. गॅस काढला, पाण्याचा कॉक फिरवला. दोन बॅगा गाडीत टाकल्या. अण्णा पुढच्या सीटवर जाऊन बसले. एक किल्ली सिस्टरांकडे ठेवायची होती.

"तुम्ही भेटून येता?" मी विचारलं.

"तू दे. माझे गुडघे दुखतात."

त्यांचे गुडघे कधीच दुखत नव्हते.

मी सिस्टरांच्या दारात गेलो. किल्ली दिली. आणि त्यांची माफी मागितली. म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. मला सगळं माहीत होतं." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुरुस्ती.

असं काही झालं नाही. हे मी अण्णा गेल्यानंतर रचलं आणि बायकोला दोनदा सांगितलं. झालं ते असं.

सिस्टरांनी दार उघडलं. हातात फडकं होतं.

"निघालात?"

"हो. ही किल्ली."

"त्या खिळ्याला लाव."

मी लावली.

"अण्णा?"

"गाडीत बसलेत."

त्या खिडकीपाशी गेल्या. गाडी इमारतीच्या दुसऱ्या अंगाला उभी होती, तिथून दिसत नव्हती. तरी क्षणभर बाहेर पाहत राहिल्या. मग खिडकीकडे तोंड करूनच बोलल्या.

"त्यांना रिमोट येत होता, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, हेमंत. एक्स्चेंज सांभाळलेला माणूस. मी कुठं बोलले? त्यांनी हाक मारायची, मी जायचं. एवढंच होतं."

मी खिळ्यावरची किल्ली उगाच सरळ केली.

"तुला खटकत होतं तर मला जिन्यात थांबवून सांगायचंस. मी काहीतरी निमित्त काढलं असतं. त्यांना कळलंही नसतं. पण तू त्यांना माझ्यासमोर बसवलंस आणि दाबा म्हणालास." त्या वळल्या. "त्या दिवशी त्यांचं तोंड बघवलं नाही मला. परत वर गेले असते तर त्यांना ते सगळं पुन्हा आठवलं असतं. म्हणून नाही गेले. नाहीतर आले असते मी, निळं झालं नसतं तरी. तेवढं सांग त्यांना."

दोन शब्द पुरले असते. त्या वाट पाहत होत्या, फडकं हातात धरून.

"मावशी," मी म्हणालो, "मला खरंच वाटलं होतं, त्यांना जमत नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोळ्या वेळेवर घेतो म्हणणाऱ्या पेशंटकडे त्यांनी नोकरीभर जसं पाहिलं असेल, तसं.

"असेल," त्या म्हणाल्या. "सावकाश जा. खंबाटकी घाटात धुकं असतं या दिवसांत."

दार लागलं.

मी गाडीत येऊन बसलो. अण्णांनी पट्टा लावलेला होता. हात मांडीवर होते. मी आरसा नीट केला, जो नीटच होता.

"काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"सावकाश जा म्हणाल्या."

"आणखी?"

"धुकं असेल म्हणाल्या."

"बस? एवढंच?"

ते माझ्याकडे वळून पाहत होते. अख्ख्या शरीराने वळले होते, पट्टा ताणला गेला होता.

"एवढंच," मी म्हणालो आणि गाडी सुरू केली.